तळघरातलं चुंबक

ताईची आई शेजारणींना सांगायची, "आमची थोरली दगडाचं बोलणं ऐकते आणि त्याचा पगार घेते." बोलणं थट्टेचं होतं, पण खोटं नव्हतं.

ताई काम करायची त्या संशोधन संस्थेच्या तळघरात एक भलंमोठं चुंबक होतं. आडव्या टाकीसारखं, पोटात माणूस सरकवता येईल एवढं रुंद. टाकीत तारेची गुंडाळी द्रव हीलियममध्ये बुडालेली असायची आणि पोटाच्या मधोमध बोटाच्या पेराएवढा गुलाबी स्फटिक. त्या स्फटिकातले काही चुंबकीय अणू मुद्दाम काढून त्यांच्या जागी चुंबकत्व नसलेले मुके अणू बसवले होते, त्यामुळे आत सगळा सावळागोंधळ. ताई बाहेरचं फील्ड, म्हणजे चुंबकाचा जोर, अगदी सावकाश वाढवायची, आणि आतले अणू तोंड फिरवायला लागायचे. कुणी लगेच फिरे, कुणी शेजारी फिरला म्हणून, तर कुणी शेवटपर्यंत हट्ट धरून बसे. त्या फिरण्याचा आवाज स्पीकरवर यायचा, लाह्या फुटल्यासारखा. फील्ड परत शून्यावर आणलं तरी सगळे मूळ जागी जात नसत. त्यांना वळवायला उलट्या बाजूने जोर लावावा लागे.

तिचे सर हेच काम कागदावर करायचे. त्यांच्याकडे अणूच्या जागी बाण होता, वर किंवा खाली. साठी ओलांडलेला हा गणिती माणूस चहा विसरायचा, चष्मा विसरायचा, पण बाण विसरायचा नाही. त्यांचं म्हणणं सोपं होतं: हट्टी, मवाळ, मधले, असे सगळ्या तऱ्हेचे बाण मिसळलेले असले की समूह थोडा थोडा वळतो. पण सगळे एकाच मापाचे झाले, तर एक वळला की सगळे एका दमात कोसळतात. "भांडखोर घर टिकतं," ते म्हणायचे, "एकमताचं घर एका दिवसात बुडतं." ताई त्यांच्या हाताखाली शिकली आणि पुढे त्यांच्याच शेजारी बसून त्यांचे आकडे चुकीचे ठरवू लागली. सरांना त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी चुंबक 'बसलं'. गुंडाळीचा एक कोपरा किंचित तापला, थंडीत वीज विनाअडथळा वाहू देण्याचा तारेचा गुण गेला, आणि सगळं हीलियम उकळून छपरावरच्या नळीतून गर्जना करत बाहेर पडलं. दोन-तीन वर्षांतून एकदा असं व्हायचंच. पांढरा ढग कुंपणापलीकडच्या वस्तीवर तरंगत गेला आणि विरला. हीलियम म्हणजे फुग्यात भरतात तो वायू. उघड्या हवेत त्याने कुणाला खोकलाही येत नाही. वस्तीतल्या पोरांनी ढगाकडे बघून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी वस्तीच्या टोकाच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचा पाईप फुटला.

ताईचा धाकटा भाऊ, बारक्या, त्याच कारखान्याचा ट्रक चालवायचा. त्याची बायको तिथेच बर्फाच्या लाद्या भुशात बांधायच्या कामाला होती. तो रिकामा ट्रक घेऊन फाटकात शिरला तेव्हा माणसं डोळे चोळत, ओकत, एकमेकांना तुडवत बाहेर पडत होती. त्याने ओलं फडकं तोंडाला बांधलं आणि आत घुसला. भट्टीतून काढल्यासारखी लाल झालेली बायको खांद्यावर टाकून त्याने बाहेर आणली. इस्पितळाच्या वाटेवर ट्रकमध्येच तिने जीव सोडला. अशी नऊ माणसं गेली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा मॅनेजर फाटकावर चढून बोलला. आमचा पाईप धडधाकट आहे, गळालं ते किरकोळ, दुपारचा पांढरा ढग कुठून आला ते आधी विचारा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण ढग सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, पाईप कुणीच पाहिला नव्हता.

ताई भावाच्या घरी गेली तेव्हा दारातल्या बायकांनी सरकून वाट दिली. जरा जास्तच दिली. आई आतल्या खोलीत सहा वर्षांच्या नातीला मांडीवर घेऊन बसली होती. बारक्या भिंतीला टेकून होता, डोळे सुजलेले, हाताची कातडी सोललेली. ताईने त्याच्याजवळ बसून हलक्या आवाजात सांगून पाहिलं की आमच्या वायूने हे होत नाही, अमोनियाने होतं. तुझे हात बघ, तिचे डोळे आठव.

"तूच म्हणाली होतीस, तुमच्या गॅसला वास नसतो," बारक्या म्हणाला.

"नसतोच."

"मग तो दुपारपासून घरात होता की नव्हता, कुणाला कळणार? दुपारपासून छातीत बसला असेल, आणि संध्याकाळी थोडं निमित्त झालं."

ती बोलायला गेली, पण आईने मानेनेच नको म्हटलं. ताई चप्पल घालून निघाली. तिच्यामागे दार लावल्याचा आवाज आला.

पुढच्या आठवड्यात संस्थेच्या खिडक्यांवर दगड यायला लागले. सुरुवातीला वस्तीत चार तोंडं चार गोष्टी बोलत होती. म्हातारा न्हावी म्हणायचा, कारखान्याच्या पाईपला गंज होता, मी स्वतः पाहिलाय. शाळेची बाई म्हणायची, चौकशी होऊ द्या. मग न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक जाईनासं झालं. शाळेच्या बाईच्या दारावर कुणीतरी डांबर ओतलं. एकेक करत सगळी तोंडं एकाच बाजूला फिरली आणि त्यांचं पुढारपण पैलवानाकडे आलं. पैलवान कारखान्यात लाद्या उचलायचा. डोंगराएवढा माणूस, एरवी पोराटोरांना खांद्यावर घेऊन फिरणारा. त्याचा एकुलता एक मुलगा त्या नऊ जणांत होता.

चौकशी अधिकारी येणार म्हणून निरोप आला: चुंबक चालू स्थितीत दाखवा. ताईने पुन्हा हीलियम भरलं, आणि ठरलेल्या सकाळी फील्ड वरपर्यंत चढवून ठेवलं. तळघरात ती होती आणि मिस्त्री होता. मिस्त्री म्हणजे संस्थेचा जुना फिटर, पंप, नळ्या आणि सगळ्यांची भांडणं दुरुस्त करणारा. जमिनीवर चुंबकाभोवती लाल पट्टा होता. त्याच्या आत लोखंड न्यायचं नाही, किल्लीसुद्धा नाही, हा नियम त्यानेच रंगवला होता.

अधिकारी आले नाहीत. पुढे काय होणार ते त्यांना वाटेतच कळलं होतं. आली ती वस्ती.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने हात आडवे केले. कुणीतरी त्याच्या गुडघ्यावर पहार घातली, आणि तो पडल्यावर त्याच्यावरून सगळे आत आले. काचा फुटण्याचा आवाज एका खोलीतून दुसरीत सरकत गेला. सर जिन्यापाशी उभे होते. ताईने त्यांना तळघरात यायला सांगितलं, बाहीला धरून ओढलंसुद्धा.

"मी बोलतो त्यांच्याशी," सर म्हणाले. "दीडशे माणसं आहेत. दीडशे डोकी सारखी नसतात. दहा तरी ऐकतील, आणि दहा पुरतात."

ते वर गेले. एकाही डोक्याने ऐकलं नाही. सरांचं पहिलं वाक्यही पुरं झालं नसेल. त्यांच्या तोंडावर वीट बसली. मग लाथा, मग काठ्या. त्यांना कुणी ओळखत नव्हतं अशातला भाग नाही; मारणाऱ्यांतल्या दोघांच्या मुलांना त्यांनी फुकट गणित शिकवलं होतं.

इतक्यात मिस्त्री मागच्या जिन्याने धापा टाकत खाली आला. पोरं छपरावर चढली होती. विष बाहेर पडू नये म्हणून त्यांनी नळीच्या तोंडात पोती आणि दगड कोंबले होते. ताईची नजर भिंतीकडे गेली. भिंतीवर लाल बटण होतं. ते दाबलं की चुंबक क्षणात बसायचं. पण वायूला बाहेर जायला वाट नसेल, तर तो सगळा याच खोलीत भरणार, आणि हवाच उरणार नाही. उघड्यावर निरुपद्रवी असलेला तो वायू या तळघरात सगळ्यांना झोपवून टाकणार. उरला दुसरा मार्ग: कळ फिरवून फील्ड सावकाश उतरवायचं. त्याला अर्धा तास हवा.

तिने कळेवर हात ठेवला. अजूनही फिरवली असती तर थोडं तरी उतरलं असतं.

दाराच्या काचेतून जिना दिसत होता. सरांना एका पायाने धरून खाली ओढत आणत होते. प्रत्येक पायरीवर त्यांचं डोकं आपटत होतं, आणि ओढणारा मागे वळूनही बघत नव्हता. पोतं ओढावं तसा चालला होता.

ताईने कळेवरचा हात काढला.

"बाई," मिस्त्री म्हणाला, "त्यांच्या हातात लोखंड आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "राहू दे."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं आणि लाकडी शिडी उचलून आडवी धरली.

दार बिजागरीसकट आत आलं. पुढे पैलवान होता, हातात खांद्याएवढी पहार. त्याने खोलीभर नजर फिरवली. हेच ते भांडं, म्हणून चुंबकाकडे निघाला. त्याच्या मागून आत येणाऱ्यांत ताईला बारक्या दिसला. टायर काढायचा जाडजूड दांडा त्याच्या हातात होता, आणि गर्दीत कुणी हिसकावू नये म्हणून त्याने तो मनगटाला दोरीने करकचून बांधला होता.

तेव्हा तिचा निर्धार ढासळला. "बारक्या, हातातलं टाक," ती ओरडली. "सगळ्यांनी लोखंड टाका. पुढे येऊ नका."

लहानपणी ती असंच ओरडायची. बारक्याने ऐकलं आणि तो आणखी वेगाने पुढे आला.

पैलवानाने लाल पट्टा ओलांडला. पहार त्याच्या हातात वळवळली. त्याने ती घट्ट धरली, दोन्ही पाय रोवले, आयुष्यभर जड ओझ्यांशी झुंजलेला तो माणूस दात खाऊन मागे रेलला. पहार त्याच्या तळव्यांची कातडी घेऊन निघून गेली आणि टाकीच्या तोंडावर अशी आदळली की भिंती हादरल्या. तो रक्ताळलेल्या हातांकडे बघत उभा राहिला. मागच्यांना हे दिसलं नव्हतं. ते रेटत होते. तिसऱ्या रांगेतल्या एका माणसाच्या हातातून घण सुटला. मधे पैलवानाचं डोकं होतं. घण त्याच्या मानेच्या वरच्या बाजूला लागला, तो तोंडावर पडला आणि पुन्हा हलला नाही.

बारक्याला मात्र काही सोडताच आलं नाही. दांडा त्याला हाताने ओढत घेऊन गेला. त्याचे पाय फरशीवर घासले, आणि मनगट चुंबकाच्या पोलादी चौकटीत आणि आधी चिकटलेल्या पहारीत सापडलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या खोलीने ऐकला. मग बारक्याचा आवाज आला. तो माणसाचा वाटत नव्हता.

गर्दी मागे उसळली. ज्यांच्या हातात लोखंड होतं त्यांनी ते फेकलं आणि जिन्याकडे धाव घेतली; जिन्यात तुडवातुडव झाली. पण सात-आठ जण मागे राहिले, पैलवानाच्या नात्यातले. त्यांनी त्या भांड्याला दोन माणसं गिळताना पाहिलं होतं, आणि ताई टेबलापाशी वाकून काहीतरी फिरवत होती.

ती कळ फिरवत होती, फील्ड उतरवायला. त्यांनी तिचे केस धरून तिला मागे खेचलं. ती परत टेबलाला धरून उभी राहिली. कुणीतरी तिच्या कानावर बुक्की मारली, आणि त्या कानातलं सगळं जग बंद झालं. लाकडी स्टूल तिच्या पाठीवर बसलं, एक बरगडी गेली, मग दुसरी. तिने एका हाताने टेबलाचा पाय धरला आणि दुसरा कळेवर ठेवला, कारण वेगाने उतरवलं तर चुंबक बसणार, आणि चुंबक बसलं तर इथला एकही माणूस जिवंत बाहेर पडणार नव्हता. मिस्त्री विजेच्या पेटीला पाठ लावून उभा होता. शिडी मोडल्यावर नुसत्या हातांनी मार झेलत तो एकच सांगत होता की पेटीला हात लावू नका, वीज तुटली तर चुंबक बसेल, पोरगा मरेल. कुणी ऐकत नव्हतं. त्याचे पुढचे दात गेले तरी तो तेच सांगत राहिला, फक्त शब्द बोबडे झाले.

"थांबा," बारक्या म्हणाला.

तो चुंबकाला टेकून गुडघ्यावर आला होता, चेहरा राखेसारखा. आवाज इतका बारीक होता की आधी कुणाला पटलं नाही की तो बोलला.

"तिला मारू नका. तिला फिरवू द्या." मग बहिणीकडे न बघता, "ताई, लवकर कर."

"लवकर करता येत नाही रे," ती म्हणाली. "हळूच करावं लागतं."

मारणारे थांबले. त्यांच्याच पोराने सांगितलं म्हणून थांबले असतील, किंवा मारून थकले असतील. एक जण भिंतीशी बसून रडायला लागला. ताई काट्याकडे बघत कळ फिरवत राहिली. तिच्या तोंडातून रक्ताची तार टेबलावर पडत होती. मिस्त्रीने आपला शर्ट फाडून बारक्याच्या दंडाला आवळून बांधला.

काटा शून्यावर आला तरी बारक्या सुटला नाही. एवढा वेळ त्या फील्डमध्ये राहून पहार आणि दांडा स्वतःच चुंबक झाले होते, आणि चौकटीला चिकटून होते. ओढ आता माणसाच्या ताकदीतली होती, पण चिरडलेल्या हाताला तीही भारी. "सोड ना आता," बारक्या पुटपुटत होता, आणि तो कुणाला म्हणत होता कळत नव्हतं. ताईने जोडणी उलटी केली आणि फील्ड दुसऱ्या बाजूला थोडंसं चढवलं, अगदी थोडं, जिथे लोखंडाची पकड सैल पडावी इतपत. "आता ओढा," ती म्हणाली. मिस्त्री आणि मघाशी तिला स्टूल मारणारा माणूस, दोघांनी मिळून पहार उपटली. बारक्या बाजूला कोसळला.

पोलीस आले तेव्हा सर जिन्याच्या तळाशी होते, श्वास चालू, डोळे उघडे. दोन दिवसांनी तेही गेले. ताईने पोलिसांना सांगितलं की माणसं दारात यायच्या आधी तिला फील्ड उतरवायला सुरुवात करता आली असती, आणि तिने ती केली नाही. फौजदाराने पेन थांबवून विचारलं, हे वाक्य नक्की लिहू का? ती म्हणाली, लिहा.

बारक्याचा उजवा हात कोपराखाली कापावा लागला. ती त्याला बघायला इस्पितळात गेली, पाठीला पट्टे बांधलेल्या अवस्थेत, एका कानाने ऐकत. त्याने तोंड भिंतीकडे केलं. ती बराच वेळ बसून निघून आली.

चौकशीचा निष्कर्ष पावसाळा संपता संपता आला. कारखान्याचा पाईप सहा वर्षांपासून कुजलेला होता, आणि मॅनेजरला ते ठाऊक होतं. मॅनेजर आधीच परागंदा झाला होता. ताईला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की वस्ती निवळेल. कुणीही निवळलं नाही. न्हाव्याचं दुकान बंदच राहिलं. लोक आता म्हणू लागले की दोन्ही गॅस एकत्र झाले म्हणून माणसं मेली. पैलवानाची बायको रस्त्यात ताईला पाहून थुंकायची, आणि ताई मान खाली घालून पुढे जायची. त्या बाईपुढे पाईपची गोष्ट काढायचा तिला धीर नव्हता, आणि हक्कही वाटत नव्हता.

तळघरातल्या त्या दिवसाचा खटला उभा राहिला तो रेंगाळला. हिवाळ्यात एका रविवारी सकाळी ताईच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दारावर थाप पडली. दारात आई होती, नात होती, आणि त्यांच्या मागे एका हातात गाठोडं घेतलेला बारक्या. एक हात गेल्यापासून ट्रक बंद झाला होता. शहराबाहेरच्या गोदामात त्याला रात्रपाळीची राखणदारी मिळाली होती. पोरीला आणि आईला वस्तीतल्या खोलीत एकटं ठेवायचं त्याच्या जिवावर येत होतं. आईने हे सगळं उंबऱ्यातच एका दमात सांगून टाकलं आणि आत जाऊन स्वयंपाकघराची तपासणी सुरू केली. "मीठ कुठे ठेवतेस ग तू? की दगडच खातेस?"

ताईने बारक्याला आत बोलावलं. तो आला नाही. गाठोडं त्याने उंबऱ्याच्या आत सरकवलं.

"पाईप कुजलेला होता, ते मला कळलंय," तो म्हणाला. "मी अक्षर न अक्षर वाचलं. तू खरं बोलत होतीस."

तिने गाठोडं उचलून कडेला ठेवलं.

"आणि तू फौजदाराला काय सांगितलंस, तेही कळलंय. मी तुझ्या जागी असतो, सरांना तसं ओढताना पाहिलं असतं, तर मीही तेच केलं असतं. हे पण मला कळतं." त्याने डाव्या हाताच्या पाठीने डोळे पुसले. "पण तुझ्याकडे बघितलं की माझे डोळे चुरचुरतात, ताई. त्या दिवशी तिला उचललं तेव्हा जसे चुरचुरले, तसेच. आत्ताही. मी काय करू?"

"काही करू नकोस," ती म्हणाली. "पोरगी इथे शिकेल. आई इथे राहील. तू येत जा."

"खाली येईन," तो म्हणाला. "वर नाही."

तेव्हापासून तसंच चालू आहे. दर रविवारी तो गल्लीच्या तोंडाशी बंद टपरीच्या कठड्यावर बसतो, इमारतीकडे पाठ करून. ताई पोरीची वेणी घालते, तिच्या हातात बापासाठी डबा देते आणि जिन्यापर्यंत सोडते. पोरगी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरते. परत येते तेव्हा डबा घासलेला असतो, कुठल्यातरी नळावर एका हाताने घासलेला, कडेला थोडी माती राहिलेली. आई म्हणते, मी सांगते त्याला वर यायला, माझं ऐकेल. ताई म्हणते, नको, बसू दे त्याला तिथे. मग ती डबा पुन्हा एकदा धुऊन पालथा घालते आणि पोरीचा अभ्यास घ्यायला बसते.